चिकातल्या अँटिबॉडी रक्तात जातात कशा, आणि त्यासाठी एकच दिवस का मिळतो

प्रश्न कडेगाव तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. कराडला मायक्रोबायोलॉजी शिकते, घरी चार म्हशी आहेत. ती विचारते: "पुस्तकात आहे की अँटिबॉडी एपिथेलियल पेशींच्या आरपार जातात त्या रिसेप्टरला धरून. आयजीए या प्रकारच्या अँटिबॉडीसाठी एक रिसेप्टर, आयजीजी या प्रकारासाठी दुसरा. मग आमचं रेडकू पहिल्या दिवशी चीक पितं तेव्हा त्याच्या आतड्यात यातला कुठला काम करतो? अँटिबॉडी म्हणजे प्रथिनच, मग ती पचून कशी जात नाही? आणि आजोबा म्हणतात, जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही. त्यात काही तथ्य आहे का?"

आधी थोडक्यात सांगतो. पुस्तकातले दोन्ही रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणूला धरणारी पेशीतली प्रथिनं, खरे आहेत, पण रेडकाच्या आतड्याचं पहिल्या दिवसाचं काम त्यांच्या भरवशावर चालत नाही. तिथल्या पेशी समोर येईल ते प्रथिन अख्खं आत ओढतात आणि मागच्या अंगानं सोडून देतात, निवडानिवड न करता. हे चालतं जन्मल्यापासून साधारण 24 तास, आणि तेही दर तासाला कमी होत जातं. तेव्हा जाराची, म्हणजे व्याल्यावर पडणाऱ्या वारेची, वाट बघण्यात तथ्य नाही, नुकसान मात्र आहे. आता सविस्तर.

आतडं असो, कास असो, श्वासनलिका असो, शरीराचा जो भाग बाहेरच्या जगाला किंवा पोकळीला लागून असतो त्यावर एपिथेलियल पेशींचं अस्तर असतं. या पेशी एकमेकींना वरच्या कडेला इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की दोघींच्या फटीतून पाणी, क्षार, फार तर बारीक रेणू जातात. ग्लुकोजचं रेणुवजन 180. आयजीजीचं सुमारे 1,50,000. ही फटीतून जायची गोष्टच नाही. जायचं तर पेशीच्या पोटातून, एका अंगानं आत आणि दुसऱ्या अंगानं बाहेर. याला ट्रान्ससायटोसिस म्हणतात.

पण पेशीच्या पोटातून जाणं म्हणजे मरणाच्या दारातून जाणं. पेशी बाहेरचं द्रव सतत पिशव्या करून आत घेत असते. त्या पिशवीला एंडोसोम म्हणतात. पेशी तिच्यात प्रोटॉन ढकलते, आतला पीएच 6 च्या आसपास उतरतो, आणि पुढचा ठरलेला मुक्काम लायसोसोम. तिथं प्रथिनाचे तुकडे होतात. तेव्हा खरा प्रश्न "आत कशी गेली" हा नाहीच. आत कुणीही जातं. "लायसोसोम चुकवून पलीकडं कशी निघाली" हा प्रश्न आहे, आणि तुमच्या पुस्तकातले दोन रिसेप्टर ही त्याची दोन उत्तरं आहेत.

आयजीजीचं उत्तर एफसीआरएन नावाचा रिसेप्टर. याची खुबी सगळी पीएचमध्ये आहे. पीएच 6 च्या आसपास तो आयजीजीच्या शेपटाकडच्या, म्हणजे एफसी भागाला घट्ट धरतो. रक्ताच्या 7.4 ला सोडून देतो. कारण आयजीजीच्या त्या भागात मोक्याच्या जागी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल आहे. आंबट वातावरणात हिस्टिडिनवर धन प्रभार येतो आणि रिसेप्टरशी पकड बसते, उदासीन वातावरणात प्रभार गेला की पकडही गेली. त्यामुळं एंडोसोम आंबट झाला की एफसीआरएन आयजीजीला धरतो, धरलेली पिशवी लायसोसोमची वाट सोडून पलीकडच्या पृष्ठभागाकडं वळते, तिथं 7.4 लागतो आणि आयजीजी मोकळी होते. ज्या प्रथिनाला धरायला कुणी नसतं ते लायसोसोमात जातं. माणसाच्या आयजीजी 3 या उपप्रकारात 435 व्या जागी बहुधा हिस्टिडिनऐवजी आर्जिनिन असतं, आणि तिचं रक्तातलं अर्धायुष्य, म्हणजे निम्मी उरायला लागणारा काळ, बाकीच्यांच्या 21 दिवसांऐवजी आठवडाभरावर येतं. एका अमिनो आम्लावर एवढा फरक.

हे कोडं सुटायला बराच काळ गेला. वेल्समधल्या बँगोरला काम करणाऱ्या ब्रॅम्बेल यांनी सशांवर आणि उंदरांवर प्रयोग करून असा काही रिसेप्टर असलाच पाहिजे हे मांडलं. पुढं 1964 मध्ये तर आईकडून पिल्लाला अँटिबॉडी पोचवणारी आणि मोठ्या जनावराच्या रक्तात आयजीजी टिकवून धरणारी यंत्रणा एकाच धाटणीची असावी, इथपर्यंत त्यांची मांडणी गेली. रिसेप्टर प्रत्यक्ष हाती लागला तो 1989 मध्ये, सिमिस्टर आणि मोस्टॉव्ह यांनी उंदराच्या पिल्लांच्या आतड्यातून त्याचं जनुक काढलं तेव्हा. ब्रॅम्बेलांचा अंदाज जवळपास जसाच्या तसा बरोबर निघाला.

आयजीएचं उत्तर वेगळं. आतड्याच्या अस्तराखालच्या प्लाझ्मा पेशी आयजीए जोडीजोडीनं बनवतात, दोन रेणू जे-साखळीनं बांधलेले. त्यांना जायचं असतं उलट दिशेला, शरीरातून बाहेर, आतड्याच्या पोकळीत. पीआयजीआर हा रिसेप्टर पेशीच्या खालच्या अंगाला त्यांना धरतो, पिशवीतून वर आणतो, आणि वरच्या पृष्ठभागावर एक एन्झाइम त्या रिसेप्टरलाच कापतं. कापलेला तुकडा आयजीएला चिकटलेलाच राहतो. त्याला सिक्रेटरी कंपोनंट म्हणतात. तो आयजीएचं पचनरसांपासून रक्षण करतो आणि तिला श्लेष्म्यात धरून ठेवतो. औदुंबरच्या घाटावरून कृष्णेपलीकडं जाणारी होडी उतारू सोडून रिकामी परत येते, एफसीआरएनचं तसं आहे. पीआयजीआर ही एकाच फेरीची होडी, पलीकडं लागताना तिचीच फळी तोडून उतारूला द्यायची. प्रत्येक फेरीला नवा रिसेप्टर बनवायचा म्हणजे पेशीला हा सौदा महाग पडतो. तरी माणसाचं शरीर रोज काही ग्रॅम आयजीए असं बाहेर टाकतं. शरीराला ते किती गरजेचं वाटत असेल बघा.

परीक्षेपुरतं एवढं पुरे. आता गोठ्यात येऊ.

माणसात वारेच्या पेशी थेट आईच्या रक्तात न्हालेल्या असतात. त्या पेशींत एफसीआरएन असतो आणि तो आईची आयजीजी बाळाच्या रक्तात सोडतो. गाई-म्हशींची जाराची रचना वेगळी. आईचं रक्त आणि वासराचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे थर जास्त राहतात, आणि अँटिबॉडी ओलांडत नाहीत. म्हणून वासरू किंवा रेडकू जन्मतं ते रक्तात जवळजवळ शून्य अँटिबॉडी घेऊन. त्याची स्वतःची यंत्रणा असते, पण तिला कामाला लागून पुरेसा साठा करायला आठवडे लागतात. तोवर शेणामुतात, माश्यांत, ओल्या गोठ्यात ते उघडंच. मधल्या काळाची सगळी सोय निसर्गानं चिकात ठेवली आहे.

म्हणजे या प्रवासात भिंती दोन. पहिली कासेची. व्यायच्या आधी चार-पाच आठवडे कासेच्या पेशी आईच्या रक्तातली आयजीजी, त्यातही आयजीजी 1 हा उपप्रकार, ओढून चिकात साठवायला लागतात. इथं निवड आहे. रक्तात आयजीजी 1 आणि आयजीजी 2 दोन्ही असतात, चिकात मात्र आयजीजी 1 ची रेलचेल. कासेच्या पेशींत एफसीआरएन असतो हे दिसलेलं आहे, पण आयजीजी 1 ची निवड नेमकी त्याचीच की आणखी कुणाची, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. एवढं नक्की, की हा ओघ हार्मोन्सच्या ताब्यात असतो आणि व्यायच्या सुमाराला तो बंद होतो. व्याल्यानंतर कासेत नवी आयजीजी फारशी येत नाही, दूध मात्र येत राहतं. त्यामुळं पहिल्या धारेला जो दाटपणा असतो तो दुसऱ्या पिळणीला नसतो, आणि पहिली पिळणी लांबवली तर तीही पातळ होत जाते. चीक कासेत ठेवून टिकत नाही.

दुसरी भिंत वासराच्या आतड्याची. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. जन्मताना लहान आतड्यावर ज्या पेशी असतात त्या गर्भावस्थेतल्या. त्यांच्या वरच्या पृष्ठभागाखाली नळ्यांचं जाळं आणि मोठमोठ्या पिशव्या असतात. पोकळीतलं द्रव त्या मोठ्या घोटांनी आत घेतात आणि आतलं प्रथिन फारसं न मोडता खालच्या अंगाला सोडतात. तिथून ते लसिकावाहिन्यांत आणि मग रक्तात. आयजीजी, आयजीए, आयजीएम, दुधातली साधी प्रथिनं, सगळी एका रांगेत. याचा पुरावा वासराच्या मुतातही दिसतो. चीक प्यालेल्या वासराच्या लघवीत पहिल्या एक-दोन दिवसांत प्रथिन सापडतं, कारण चिकातली लहान प्रथिनंही रक्तात शिरलेली असतात आणि ती मूत्रपिंडातून गळून जातात. नवा डॉक्टर ते बघून मूत्रपिंडाचा आजार समजतो. आजार नसतो.

"पचत कशी नाही" याचं उत्तर तीन ठिकाणी आहे. नवजात वासराच्या जठरात आम्ल फार कमी असतं. चिकातच ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिन पचवणाऱ्या एन्झाइमला, अडवणारं द्रव्य असतं. आणि वर सांगितलं तसं पेशीच्या आतही मोडतोड फारशी होत नाही. तिन्ही गोष्टी काही तासांत बदलायला लागतात. गर्भातल्या पेशी झडतात, खालून प्रौढ पेशी वर येतात, त्यांच्यात असे मोठे घोट घ्यायची सोय नसते. शोषण जन्माच्या क्षणापासूनच घसरतं, 12 तासांपर्यंत बरंच उतरतं, आणि 24 तासांच्या आसपास संपतं.

आणि आतडं निवड करत नाही, याची दुसरी बाजूही आहे. ते जंतूंनाही ओळखत नाही. वासरानं चिकाआधी शेणानं माखलेला सड, ओलं गवत, मालकाची बोटं चाटली तर पहिला उतारू ई. कोलाय. नवजात वासरांत दोन-तीन दिवसांत जी रक्तात विष पसरून मरण्याची तऱ्हा दिसते, तिच्या मागं पुष्कळदा हेच असतं. कास धुऊन पुसून मग पाजा, असं आम्ही जनावरांचे डॉक्टर सांगतो ते टापटिपीसाठी नव्हे.

हे आता एका साध्या हिशेबात बघा. रेडकू 30 किलोचं धरा. त्याच्या रक्तातला पाण्याचा भाग, प्लाझ्मा, वजनाच्या साधारण 9 टक्के, म्हणजे 2.7 लिटर. चांगल्या चिकात लिटरमागं 50 ग्रॅम आयजीजी धरतात. वजनाच्या दहाव्या हिश्शानं, म्हणजे 3 लिटर चीक पहिल्या दोन-चार तासांत पोटात गेला, तर 150 ग्रॅम गेली. त्यातली साधारण चौथाई रक्तात पोचते असं धरू, म्हणजे 37 ग्रॅमच्या वर. 2.7 लिटरला भागलं की लिटरमागं सुमारे 14 ग्रॅम. धोक्याची रेघ 10 ची. आपण रेघेच्या वर आहोत, पण फार वर नाही. आता यात एक गोष्ट बिघडवा. पाजायला उशीर झाला आणि शोषण निम्म्यावर आलं: 7. किंवा वेळेत पाजला पण निम्मा चीक खरवसाला काढून ठेवला: पुन्हा 7. दोन्ही झाल्या तर साडेतीन. नंतर मालक फोन करून सांगतो, "डॉक्टर, आठवड्याभराचं रेडकू पांढरं हगतंय, काहीतरी इंजेक्शन द्या." इंजेक्शन मी देतो, सलाईनही लावतो, पण जी चूक पहिल्या रात्री झाली ती आठव्या दिवशी बाटलीनं भरून निघत नाही.

हा काही माझा शोध नाही. 1922 मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि लिटल यांनी काही वासरांना चीक दिला, काहींना दिला नाही. न मिळालेली बहुतेक मेली. आणि दुधातून प्रतिकारशक्ती पिल्लाला जाते हे तर पॉल अर्लिक यांनी 1892 मध्येच उंदरांवर दाखवलं होतं, पिल्लांची आया बदलून.

आता आजोबांचा मुद्दा. म्हशीचा जार पडायला कधी चार तास लागतात, कधी आठ, कधी अडकून बसतो. तेवढ्यात शोषणाचा उत्तम काळ गेलेला असतो. भीती अशी की आधी पिळलं तर जार आत राहील. प्रत्यक्षात रेडकानं सडाला तोंड लावलं, कासेला ढुशा दिल्या की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. त्यानंच पान्हा फुटतो आणि त्यानंच गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणजे पाजल्यानं जार सुटायला मदतच होते. आजोबांशी वाद घालू नका, एवढंच सांगा की डॉक्टर म्हणतात रेडकू प्यालं की जार लवकर पडेल. मी हेच सांगतो आणि पुष्कळांना पटतं. नाहीच पडला 12 तासांत तर आम्हाला बोलवा, स्वतः ओढू नका, आणि खाली लोंबणाऱ्या जाराला चप्पल किंवा दगड तर अजिबात बांधू नका.

खरवसाबद्दल. खरवस मलाही आवडतो, त्यामुळं माझ्या तोंडी हे सोवळेपणाचं बोलणं वाटायला नको. पण खरवस धरतो कशामुळं ते बघा. साधं दूध तापवलं तर वडी होत नाही. चीक तापवला की होते, कारण त्यातली भरमसाट विरघळलेली प्रथिनं, ज्यात मोठा वाटा अँटिबॉडींचा, उष्णतेनं उलगडतात आणि एकमेकांत गुंतून बसतात. घरातल्या बायकांना हे अनुभवानं पक्कं ठाऊक असतं. पहिल्या धारेचा चीक असला की त्यात बरंच दूध घालायचं, नाहीतर वडी चिवट होते. दुसऱ्या दिवशी कमी दूध. तिसऱ्या दिवसाच्या चिकाला दूध न घालताच ठेवायचं आणि तरी कधी कधी नीट धरत नाही. ज्या चिकात जास्त दूध मावतं तोच रेडकाला हवा. शेजारीपाजारी, पाहुण्यांना वाटायचा तो दुसऱ्या दिवसाचा वाटा. पहिल्या पिळणीतून रेडकाचा वाटा पोटात गेला आणि वर उरला, तरी तो खरवसाला न देता स्वच्छ बाटलीत भरून डीप फ्रीजला ठेवा. उणे 20 ला तो वर्षभर चांगला राहतो. लागेल तेव्हा कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवायचा, पाणी 50 अंशांच्या वर नको. गॅसवर तापवलात तर खरवसच होणार.

चीक चांगला की पातळ, हे डोळ्यांना कळतंच असं नाही. पिवळा आणि घट्ट म्हणजे भारी, हा समज पुष्कळदा फसतो. पण आपल्या सांगली जिल्ह्यात यावर एक सोय घरात पडून असते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यात द्राक्षबागायतदाराकडं ब्रिक्स मीटर असतो, मणी उतरायला आला की नाही बघायला. कारखान्याच्या शेती खात्याकडंही उसासाठी असतो. तोच चालतो. काचेवर चिकाचा एक थेंब टाकायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडं धरून निळा भाग जिथं संपतो ती रेघ वाचायची. चिकात स्निग्धांश असल्यानं रेघ द्राक्षाच्या रसासारखी लख्ख दिसत नाही, जराशी धूसर दिसते. जिथं निम्मी निळी वाटते तिथं वाचा. 22 किंवा वर असेल तर चीक उत्तम, 18 च्या खाली असेल तर त्यावर विसंबू नका. मीटर मुळात साखर मोजत नाही, उजेड किती वाकतो ते मोजतो. द्राक्षात तो साखरेमुळं वाकतो, चिकात मुख्यतः प्रथिनांमुळं. हे आकडे गाईंवरच्या अभ्यासातले आहेत. म्हशीच्या चिकात स्निग्धांश जास्त, म्हणून म्हशीचं 22 आलं तरी मी जरा हात राखूनच समाधान मानतो.

पलूसजवळच्या एका बागायतदाराला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. नंतर त्याच्याकडं एकाच आठवड्यात दोन संकरित गाई व्याल्या. तिसऱ्या वेताच्या गाईचा चीक 26 आला. दुसरी पहिलारू, व्यायच्या आधी चार दिवस तिच्या सडांतून दूध गळत होतं. तिचा आला 16, आणि रंगानं तिचाच जास्त पिवळा होता. गळून गेला तो चीकच होता. त्यानं पहिलीचा उरलेला चीक दुसरीच्या कालवडीला पाजला. पहिलारू, आधीच गळालेली, आटवणीला (व्यायच्या आधी दूध बंद करायला) नीट वेळ न दिलेली, व्यायच्या तोंडावर विकत आणलेली, अशा जनावरांचा चीक मोजल्याशिवाय धरू नका. विकत आणलेलीचं कारण वेगळं. तिच्या चिकात अँटिबॉडी असतील भरपूर, पण त्या तिच्या जुन्या गोठ्यातल्या जंतूंवरच्या. तुमच्या गोठ्यातल्या जंतूंशी तिची ओळख व्हायला तेवढे आठवडे मिळालेले नसतात.

पाजायची पद्धत लिहायला हवी, कारण यात मी वाईट प्रकार बघतो. उभं राहून सड धरणाऱ्या रेडकाला प्यायला सोडा, पण ते प्यालं असं गृहीत धरू नका. पुष्कळ रेडकं पहिल्या तीन तासांत नुसती कासेशी झोंबतात. पिळून, मोजून, निपलच्या बाटलीनं पाजणं खात्रीचं. ओढून काढलेलं, अडलेलं वासरू दमलेलं असतं, त्याच्या रक्तात आम्ल वाढलेलं असतं, ते चोखतही नाही आणि त्याचं शोषणही कमी. त्याला नळीनं पाजावं लागतं आणि ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. बांबूच्या नळकांड्यातून घशात ओतू नका. चीक फुफ्फुसात जातो आणि दोन दिवसांनी न्यूमोनियानं वासरू जातं.

वेळेत पाजलं ते लागू पडलं की नाही, हेही त्याच मीटरवर कळतं. वासरू दोन दिवसांचं झालं की थोडं रक्त काढून साकळू द्यायचं आणि वर सुटलेल्या सीरमचा थेंब बघायचा. 8.4 ब्रिक्स किंवा वर असेल तर अँटिबॉडी बहुधा रेघेच्या वर आहेत. कमी असेल तर त्या वासराला वेगळं, कोरड्यात ठेवा आणि नाळेवर, शेणावर, तापावर नजर ठेवा. चीक पुन्हा पाजून आता रक्तातला आकडा वाढणार नाही.

मग 24 तासांनंतरचा चीक वाया का? नाही. रक्तात जात नाही एवढंच. आतड्याच्या पोकळीत असलेली अँटिबॉडी रोटाव्हायरससारख्या विषाणूला तिथंच धरते आणि पेशीला चिकटू देत नाही. शिवाय आधी रक्तात गेलेली आयजीजी थोडी थोडी परत आतड्यात पाझरत असते आणि तिथं काम करते. म्हणून पहिले तीन-चार दिवस चीकच पाजत राहावा. नाहीतरी संकलन केंद्रावर त्या दिवसांचं दूध घेत नाहीत, तापवताना फाटतं म्हणून.

आता माणसाच्या बाळाबद्दल. त्याला आयजीजी वारेतून मिळालेली असते, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ती जन्मताना आईइतकी, कधी आईपेक्षा थोडी जास्तच असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती कमी मिळते, हे त्याच्या नाजूकपणाचं एक कारण. गरोदरपणात आईला धनुर्वाताची लस देतात ती याच वाटेवर विसंबून. बाळाचं आतडं आईच्या दुधातल्या अँटिबॉडी रक्तात घेत नाही म्हटलं तरी चालेल. आईच्या पहिल्या दुधात भरते ती पीआयजीआरनं आणलेली आयजीए, आणि ती बाळाच्या आतड्यातच राहून पहारा देते. त्यामुळं बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजायचंच, पण कारण रेडकापेक्षा निराळं. उंदराची पिल्लं या दोघांच्या मध्ये कुठंतरी: त्यांच्या आतड्यात एफसीआरएन असतो आणि ती दूध तुटेपर्यंत, तीनेक आठवडे, आयजीजी निवडून घेत राहतात. तुमच्या पुस्तकातलं एफसीआरएनचं चित्र बहुधा या उंदराच्या पिल्लाचं आहे. ते रेडकाला लावलं म्हणून गोंधळ झाला.

यावरूनच, गाईच्या चिकाची पावडर "इम्युनिटी" म्हणून महाग दरानं विकतात त्याबद्दलही कळेल. मोठ्या माणसाच्या आतड्यातून ती अँटिबॉडी अख्खी रक्तात जात नाही. जठराच्या आम्लातून जे काही शाबूत उरेल ते आतड्यात थोडंफार काम करू शकेल, पण सर्दी-खोकला पळवून लावायची भाषा करणाऱ्यावर पैसे घालवू नका. तो चीक रेडकाच्या तोंडचा आहे.

शेवटी लसीचं, कारण हे विचारलं नसलंत तरी पुढच्या महिन्यात विचाराल. चिकातून मिळालेल्या अँटिबॉडी काही आठवड्यांच्या अर्धायुष्यानं विरत जातात. त्या भरपूर असताना लस टोचली तर आईच्याच अँटिबॉडी लसीतला अंश धरून ठेवतात आणि वासराची स्वतःची यंत्रणा नीट शिकत नाही. म्हणून लाळ्या-खुरकुताची लस चार महिन्यांच्या वरच्या वासराला देतात. टोचायला आलेल्या माणसानं तुमचं दोन महिन्यांचं रेडकू सोडून दिलं तर त्यानं कामचुकारपणा केला असं समजू नका. आईचं मात्र उलट. ज्या रोगावरच्या अँटिबॉडी चिकात हव्यात त्याची लस कासेत साठवण सुरू व्हायच्या आधी तिला मिळायला हवी, म्हणजे गाभण जनावराचं लसीचं वेळापत्रक आटवायच्या वेळीच डॉक्टरांना विचारून घ्यायचं. व्यायला आठ दिवस राहिले असताना टोचलेली लस म्हशीच्या कामी येईल, त्या वेताच्या रेडकाच्या नाही.